आवाजाची वाट

संगणकावर आवाज मुद्रित करू पाहणाऱ्याच्या वाट्याला जी दुःखे येतात, त्यांतील पहिले दुःख शांततेचे असते. गाणारा गात असतो, समोर बसलेल्याला शब्द न् शब्द ऐकू येत असतो. परंतु पडद्यावर लाटांची जी नक्षी उमटावयाची, तिच्या जागी एक सरळ रेघ निमूटपणे पुढे सरकत राहते. अशा वेळी बहुतेक माणसे जे करतात ते मोठे मौजेचे असते. ती सॉफ्टवेअरवर रागावतात. ते बंद करून पुन्हा उघडतात. तेवढ्याने भागले नाही तर समूळ काढून टाकून नव्याने बसवतात. मूल रडावयाचे थांबेना की कारण न शोधता मीठमोहऱ्या उतरून टाकण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, त्यातलाच हा प्रकार. मूल बिचारे अंगड्यात राहिलेल्या टाचणीमुळे रडत असते, आणि दृष्ट काढून झाल्यावरही टाचणी जागच्या जागीच असते.

वस्तुतः ही सॉफ्टवेअरे वाटतात तितकी लहरी नाहीत. घरगुती ध्वनिमुद्रणासाठी जगभर वापरले जाणारे ऑडॅसिटी हेच पाहा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ते रचावयास घेतले आणि २००० मध्ये लोकांच्या हाती दिले. तेव्हापासून ते विनामूल्य मिळते. परंतु असे कोणतेही सॉफ्टवेअर आवाजाच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम असतो, हे आपण विसरतो. आवाज गळ्यातून हवेत येतो, हवेतून माइकच्या पडद्यावर, तेथून तारेने त्याला आकड्यांत बदलणाऱ्या पेटीत, पेटीतून संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडे, आणि मग कोठे सॉफ्टवेअरच्या दाराशी. वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांत विहिरीचे पाणी पाटाने केळीच्या आळ्यांपर्यंत नेण्याची जुनी रीत आहे. टोकाच्या केळीला पाणी पोचले नाही, तर वाडीवाला केळीवर रागावत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेकडेने चालू लागतो आणि पाणी कोठे फुटले ते पाहतो. ध्वनिमुद्रणातील बिघाड शोधण्याची विद्या याहून निराळी नाही.

म्हणून सरळ रेघ दिसली की प्रथम माइकवर हलकेच टिचकी मारावी, आणि मग लॅपटॉपच्या अंगावर. दुसऱ्या टिचकीने रेघ थरथरली, तर सॉफ्टवेअर विकत आणलेल्या माइककडे न ऐकता लॅपटॉपमध्येच बसवलेल्या बारीक माइककडे कान लावून बसले आहे, हे समजावे. योग्य माइक निवडला की काम झाले. दोन्ही टिचक्यांनी काहीच हलले नाही, तर संगणकाने सॉफ्टवेअरला माइक वापरण्याची परवानगी दिली आहे काय, ते पाहावे. अलीकडे संगणक गुप्ततेच्या काळजीने ही परवानगी स्वतंत्रपणे मागतात, आणि घाईत कोणी तरी ‘नको’ म्हणून बसलेले असते. या शोधात एकच पथ्य आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, माइक आणि मांडणी ही तिन्ही एकदम बदलणाऱ्याचा आवाज कदाचित परत येतोही. पण तो कशाने गेला होता, हे त्याला कधीच कळत नाही, आणि पुढल्या वेळी तो पुन्हा मीठमोहऱ्याच शोधतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? मी राहतो ते सातिवली म्हणजे वसईच्या पूर्वेचा कारखान्यांचा मुलूख. गाळ्यांच्या रांगा, मालाच्या गाड्या, आणि पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. कामासाठी घाटावरून, कोकणातून, खानदेशातून माणसे येथे आली, आणि मागाहून त्यांच्या आयाही आल्या. या म्हाताऱ्यांच्या बोचक्यांतून भांडी आणि गोधड्या आल्या, तशी गाणीही आली. जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातल्या हळदीची गाणी मुद्रित करून ठेवण्याचा मला गेली काही वर्षे नाद आहे.

हे काम माझ्याआधी फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. तरीही प्रत्येक म्हातारीपाशी असे काही असते, जे दुसऱ्या कोणापाशी नसते. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले; गायनाचार्य भास्करबुवा बखले त्यानंतर वीस वर्षे, १९२२ पर्यंत, हयात होते; आणि तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याजवळ नाही. परंतु बुवांचे गाणे निदान मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यांतून पुढे गेले. माझ्या शेजारच्या आजींना शिष्य नाही. नातींना ओव्या येत नाहीत, सुनेला कामावरून यायला रात्र होते. तेव्हा आजींच्या बाबतीत जे काही उरेल, ते त्या सरळ रेघेच्या जागी उमटलेल्या लाटांतच उरणार आहे.

रेघ हलू लागली की दुसरे दुःख उभे राहते, ते गुणगुणीचे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. ती तारेत शिरली की आवाजाखाली एक अखंड षड्ज लावून ठेवते. कान असणाऱ्याला तो पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली सापडेल. म्हणजे कोणत्याही पेटीशी न जुळणारा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या वाटेत आहे, हे निश्चित. मग बॅटरीवरच काम उरकावे. काही शहाणे या वेळी तीन पायांच्या प्लगचा अर्थिंगचा पाय निकामी करून टाकतात. गुणगुण त्यानेही कधी कधी जाते. पण विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही तिच्याबरोबर जाते. हा उपाय कोणीही करू नये.

सातिवलीत याखेरीज प्रेस मशीनचा धक्का असतो. तो हवेतून येतो त्याहून अधिक जमिनीतून येतो, आणि माइकच्या दांडीवरून वर चढतो. दांडीखाली चौपदरी गोधडी घातली की तो बराच मरतो. जो उरतो तो ८० आवर्तनांखालचा भाग गाळणारी चाळणी लावून काढता येतो. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ स्वर सहसा याच्या पुष्कळच वर असतो. त्यामुळे चाळणीत आजींचे काही जात नाही.

येथवरचे दोष सुसह्य म्हणावयाचे, कारण ते मागाहून पुष्कळ अंशी दुरुस्त होतात. परंतु काही दोष असे आहेत की त्यांना मागाहून औषध नाही, आणि नवशिका नेमका त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतो. आवाज मोठा यावा म्हणून तो माइकची ग्रहणशक्ती वाढवून ठेवतो. आजी पहिली ओवी दबकत म्हणतात. चौथ्या ओवीला त्यांचा संकोच जातो आणि माहेराचे नाव आले की आवाज चढतो. आकड्यांच्या जगाला एक छत आहे. आवाज त्याला टेकला की लाटेचा माथा कापला जातो, आणि जेथे गोलाई असावयाची तेथे सपाटी येते. कानाला ती फाटल्यासारखी लागते. आवाज मागाहून लहान केला तर फाटलेला आवाज लहान होतो, सांधला जात नाही. सॉफ्टवेअर आपल्या आत याहून उंच लाट सामावू शकते हे खरे. पण माथा त्याच्याकडे येण्याआधी पेटीतच छाटला गेलेला असतो. याकरिता सर्वांत मोठा स्वरही छताच्या १२ डेसिबल खाली राहील इतकी जागा आधीच सोडावी. आजच्या २४ बिटांच्या मुद्रणात प्रत्येक नमुन्यासाठी १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. आवाज थोडा लहान घेतल्याने काही बिघडत नाही.

दुसरा असाध्य दोष तडतडीचा. सामान्य मुद्रणात संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचा नमुना घेतो. माणसाचा कान फार तर २०,००० आवर्तनांपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले की ऐकू येणारे सारे हाती लागते. हे नमुने एकेक करून न नेता संगणक गटागटाने नेतो. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात, तसेच हे समजावे. घमेले लहान असले तर माल लवकर पोचतो, पण हात सतत चालवावे लागतात. कोणी क्षणभर दुसरीकडे पाहिले की एक घमेले पडते. पडलेले घमेले म्हणजेच ती तडतड. तेवढा आवाज घेतलाच गेलेला नसतो. घमेले मोठे केले की पडझड थांबते, मात्र उशीर होतो : १,०२४ नमुन्यांच्या गटाला सुमारे २३ सहस्रांश सेकंद लागतात. गाणाऱ्याने आपलाच आवाज संगणकातून हेडफोनमध्ये ऐकत गावयाचे असेल, तर हा उशीर त्याला अडखळवतो. आजींना हेडफोन नको असतो. त्यांच्यासाठी घमेले खुशाल मोठे ठेवावे, इंटरनेट आणि इतर कामे बंद करावी, आणि निर्धास्त असावे.

याउलट एक दोष दिसावयास भयंकर आणि वस्तुतः निरुपद्रवी आहे. कधी मुद्रण वाजवून पाहावे तो आजींच्या जागी कोणी चिरक्या आवाजाची मुलगी घाईघाईने गात असते. पेटीने नमुने ४४,१०० च्या दराने घेतले आणि सॉफ्टवेअरने ते ४८,००० चे समजून वाजवले, की तासाभराचे गाणे सुमारे ५५ मिनिटांत संपते आणि सूर जवळजवळ दीड घराने चढतो. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनच्याही पुढे निघून जाते. येथे नमुना एकही हरवलेला नसतो. खरा दर सॉफ्टवेअरला सांगितला की आजी आपल्या वयावर परत येतात.

सर्वांत अधिक विवेक लागतो तो गोंगाट काढण्याच्या बाबतीत. या कामाची साधने सोय म्हणून उत्तम आहेत. गाणे नसतानाचा दोनचार सेकंदांचा तुकडा त्यांना दाखवावा. तेथे जे ऐकू येते ते साऱ्या मुद्रणातून ती वजा करतात. म्हणून गाण्यापूर्वी थोडी शांतता मुद्रित करून ठेवण्याची सवय चांगली. पण मात्रा अधिक झाली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. आणि याहूनही एक मोठी अडचण आहे. आजींनी गावाहून आणलेले लहानसे जाते त्यांच्या खोलीत आहे. त्या ओवी म्हणतात ती मूठभर तांदूळ घालून, खुंटा फिरवीतच; रिकाम्या हाताने त्यांना ओवी सुचत नाही. जात्याची घरघर या साधनाला दाखवली तर ते तीही इमानेइतबारे पुसू पाहते, कारण जे अखंड चालू आहे ते निरर्थक, एवढेच त्याला कळते. परंतु ओवीचा ठेका त्या घरघरीतच आहे. खुंटा जेथे जड जातो तेथे शब्द लांबतो. जाते पुसले तर उरते ती कारण नसताना मध्येच रेंगाळणारी एक म्हातारी. बिघाड कोणता आणि गाणे कोणते, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

शेवटचे दुःख मुद्रण उत्तम झाल्यानंतरचे. कित्येक सॉफ्टवेअरांची रीत अशी असते, की काम जतन केले म्हणजे कामाचा आराखडा जतन होतो. प्रत्यक्ष आवाज शेजारच्या निराळ्या फोल्डरमध्ये राहतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या आत्याची गाणी मोठ्या हौसेने मुद्रित केली, आणि लॅपटॉप विकण्यापूर्वी आराखड्याची तेवढी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. आत्या गेल्यानंतर त्यांनी तो माझ्याकडे आणला. फाइल उघडली. कोणते गाणे कोठे सुरू होते, कोठे संपते, कोठे आवाज थोडा वाढवला आहे, हे सारे तीत नीट लिहिलेले होते. गाणी नव्हती. त्यांनी दोनदा विचारले, “पण नावे तर दिसताहेत ना?” मला उत्तर देववेना. म्हणून त्या रात्रीच्या त्याच बैठकीत वेव्ह फाइल एक्स्पोर्ट करावी, तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, आणि प्रत उघडून ती वाजते की नाही हे कानाने पाहावे.

ही शेवटची तपासणी मी गाणाऱ्या बाईच्या समोरच करतो. तिचा हेतू प्रथम केवळ यंत्राचा होता : तडतड आहे का, माथा कापला आहे का, हे तेथल्या तेथे कळावे आणि जरूर तर पुन्हा म्हणून घेता यावे. परंतु आजी आपलाच आवाज ऐकू लागल्या, की पहिल्याने पदर तोंडाशी नेऊन हसतात, मग मान डोलावतात, आणि मग एखाद्या ठिकाणी हात वर करून मला थांबवतात. “थांब रे बाळा, इथं एक राहिली. भावाची नाही का, ती ह्याच्या आधी येते.” आणि खुंट्याला हात घालून ती राहिलेली ओवी त्या म्हणू लागतात. ती निसटू नये म्हणून मुद्रण ऐकवताना दुसरे मुद्रण मी चालूच ठेवतो.