बालाघाटची वैशाखी पौर्णिमा

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हे गाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. गोंदियाच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, भातशेती आणि मँगेनीजच्या खाणी यांच्या सोबतीने ते वसले आहे. कारभार हिंदीत चालतो. पण मराठी कानी पडते, कारण १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांस दिली. पुढे अवघ्या अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. धम्माने ती सीमा मानली नाही.

नोकरीनिमित्त आमचे तेथे वास्तव्य असताना शेजारच्या एका निवृत्त गुरुजींनी वैशाखी पौर्णिमेस विहारात ध्यानाला येण्याचे निमंत्रण दिले. घरी आत्याबाईंनी तात्काळ संमती दिली, "बुद्ध म्हळ्यार आमचोच णववो अवतार. वच तूं." आत्याबाईंच्या मनात आदरच होता. परंतु नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा नेमके हेच नाकारते. आपण दिलेले हे मानाचे आसन त्यांना का नको, हे समजण्यास पांडित्य लागत नाही. ज्या देवळाची पायरी आजोबांना चढू दिली नाही, त्यातील देवाचा अवतार नातवाने का म्हणून मानावा? गुरुजींनी हे कधी बोलून दाखविले नाही, एवढेच.

त्या दिवसाचे व्रत उपोसथाचे. हा शब्द वैदिक 'उपवसथा'चा, म्हणजे सोमयागाच्या आदल्या दिवसाच्या व्रताचा वारस होय. इतर पंथांचे लोक अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमेस एकत्र जमतात, तसे आपणही जमावे, अशी सूचना बिंबिसार राजाने केल्याचे विनयपिटकात सांगितले आहे. उपासकाने त्या दिवशी आठ शीले पाळावयाची. मध्यान्हानंतर अन्न नाही, गंधमाळा नाहीत, उंच पलंग नाही. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण का रूढ झाली, हे साबुदाण्याच्या पातेल्यास विचारावे!

विहारात सकाळी त्रिशरण व पंचशील झाले, सुजातेच्या आठवणीची खीर मध्यान्हापूर्वी वाटली गेली, आणि मग सर्वजण शुभ्र वस्त्रांत स्तब्ध बसले. करावयाचे एवढेच, की आत येणारा व बाहेर जाणारा श्वास जाणावा. आमचे मन प्रथम गुडघ्याकडे, तेथून विजेच्या बिलाकडे गेले. तेव्हा गुरुजींनी हळूच सांगितले, "मोजा. पाचाहून कमी नको, दहाहून अधिक नको." ही युक्ती बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्गातील आहे. प्रारंभी धान्य मापणाऱ्यासारखे सावकाश मोजावे, माप भरताना काडीकचरा दिसला तर काढून टाकावा, पण गणती सोडू नये. पुढे गोठ्यातून सुटणाऱ्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखे भरभर मोजावे, असे तेथे सांगितले आहे. भाताच्या मुलखात हा दृष्टान्त पुस्तकी वाटत नाही. आपला मापारी पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. आम्हीही पहिल्या श्वासास तसेच म्हटले. दुपार कलेपर्यंत सातव्याआठव्या मापाच्या पुढे क्वचितच गेलो. तथापि मधली काही मापे निखळ भरली.

हा ग्रंथ ज्यांनी संपादिला आणि 'समाधिमार्ग' लिहून हा विषय मराठीत आणला, ते धर्मानंद कोसंबी आपल्याच सारस्वत समाजातील. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. वेलिंगच्या श्रीलक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थानही तेच. बुद्धाच्या ओढीने त्यांनी घर सोडले, १९०२ साली सिलोन गाठले, आणि १९४७ साली सेवाग्रामी अन्नत्याग करून देह ठेवला. आमच्या घरी त्यांचे नाव विद्वान म्हणून घेतले जाई; त्यांची पुस्तके मात्र आम्हांला गुरुजींच्या फडताळात, पाने झिजलेली, अशी भेटली.

परतताना गुरुजींनी सहज विचारले, "तुमच्या गावच्या देवळात मी असा तासभर डोळे मिटून बसलो, तर चालेल?"

आम्ही म्हणालो, "चालेल."

"आणि कोण, कुठले, असे कोणी विचारले तर?"

"विचारतील कदाचित. आम्ही शेजारीच बसलेले असू."

येत्या जत्रेस ते यावयाचे म्हणतात. सभामंडपातील डाव्या हाताच्या खांबाशी गर्दी कमी असते. ती जागा आम्ही मनाशी धरून ठेवली आहे.