बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

घराच्या दस्तऐवजावर नाव आपले असते, घरपट्टीही आपणच भरतो. म्हणून घर केवळ आपलेच आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. वास्तविक प्रत्येक घरात आपल्याला न विचारता कितीतरी बिऱ्हाडे थाटलेली असतात. उंबऱ्याखाली मुंग्यांचे नगर वसलेले असते, वाशांच्या बेचक्यात कुंभारमाशी मातीचे घरकुल लिंपत असते, आणि दिव्यामागची पाल तर पिढीजात हक्काने वावरत असते. या मंडळींशी आपण एक अलिखित करार करून टाकलेला असतो. मुंग्या दिसल्या तर साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, पाल चुकचुकली तर ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचे, आणि आपापल्या कामाला लागायचे. परंतु एक बिऱ्हाडकरू असा आहे, की त्याच्याशी आपला कोणताच करार नाही. त्याचे नुसते दर्शन झाले, की युद्ध पुकारले जाते. तो म्हणजे घरात फिरणारा मोठा कोळी.

गेल्या वर्षी आषाढात आमच्या कोकणातल्या कौलारू घरात अशा युद्धाचा प्रसंग आला. तीन दिवस पाऊस कोसळत होता. रात्रीची जेवणे आटोपून मी पडवीत बसलो होतो, तोच माजघरातून माझ्या नातीची किंकाळी ऐकू आली. सातवीत शिकणारी ही मुलगी एरवी मोठी धीट. आत जाऊन पाहतो, तो ती आजीच्या पदराआड उभी, आणि समोरच्या भिंतीवर, तिच्या दप्तराच्या वीतभर वर, एक भला थोरला तपकिरी कोळी आठही पाय पसरून बसलेला!

“आजोबा, ताटाएवढा आहे तो!” ती कापऱ्या आवाजात म्हणाली.

आजीने केरसुणी हाती घेतलीच होती. “अंगावरून गेला, तर पुरळ उठेल पोरीच्या!” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, काळजी होती. आणि काळजीला हसून उत्तर देता येत नाही. म्हणून मी तिला समजावून सांगितले. ज्या पुरळाचा आळ कोळ्यावर येतो, तो पुष्कळदा एका चिमुकल्या, नारिंगी-काळ्या भुंगेऱ्याच्या अंगातील दाहक रसामुळे उठतो. पावसाळ्यात हा भुंगेरा दिव्याकडे येतो आणि आपल्या अंगाखाली नकळत चिरडला जातो. सकाळी भिंतीवर कोळी दिसतो, आणि खटला भरला जातो तो त्याच्यावर!

मग मी नातीकडे वळून म्हटले, “ताटाएवढा म्हणतेस ना? मग फूटपट्टी घेऊन ये.”

ती चकित झाली; पण फूटपट्टी तिने आणली. कोळी जागचा हलत नव्हता. मी पट्टी त्याच्यापासून थोडी दूर, पण त्याच रेषेत धरली, आणि तिला आकडा वाचायला सांगितला. दुरून वाचता येईना, तेव्हा ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत १० सेंटिमीटर भरले. “आणि नुसते अंग?” मी विचारले. ती क्षणभर निरखत राहिली. “अडीच,” ती म्हणाली. म्हणजे ताट नव्हे, वाटीसुद्धा नव्हे; एवढेसे शरीर आणि बाकी सारा पायांचा पसारा!

हा कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहणाऱ्यांपैकी नाही. तो पारधी आहे. दिवसा चपटे अंग फटीत सरकवून तो दडून बसतो आणि रात्री भिंतीवरून झेप घेऊन झुरळे पकडतो. म्हणजे आपण त्याला बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू म्हणत असलो, तरी तो भाडे चुकवीत नाही. ते आपल्या नकळत, रात्री भरतो. स्वीडनचे थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७६७ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, त्यातही ‘शिकारी’ याच अर्थाचा शब्द आहे. जहाजांतील मालाबरोबर प्रवास करीत तो जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत पोहोचला आहे. त्याच्याजवळ विष असते, आणि हाताने दाबला तर तो चावतोही. तो चावा दुखतो. पण माणसाच्या जिवावर बेतणारा नसतो. तेव्हा त्याला मारण्याचे कारण नाही, तसेच हाताळण्याचेही नाही.

हे मी सांगत असतानाच नात एकदम म्हणाली, “आजोबा, त्याच्या पोटाखाली पांढरे काय आहे?”

विजेरीच्या उजेडात पाहिले. रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी, पांढुरकी पिशवी त्याने पोटाशी घट्ट धरली होती. तेव्हा उलगडा झाला, की हा ‘तो’ नसून ‘ती’ आहे. जुन्या मराठीत कोळ्याला ‘कातीण’ असेही म्हणतात. ही कातीण भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. पण आपल्या अंड्यांसाठी मात्र स्वतःच्या धाग्यांची पिशवी विणते, आणि पिले बाहेर पडेपर्यंत ती पोटाशी धरून वावरते. त्या एका पिशवीत शंभराहून अधिक जीव असू शकतात.

आजीने केरसुणी हलकेच कोपऱ्यात ठेवली. “लेकुरवाळी आहे होय!” ती म्हणाली. “अशा पावसात तिला घराबाहेर कोण काढील?”

“पण मला इथे झोप कशी येईल?” नात पुटपुटली.

तिचेही खरेच होते. भिंतीवरच्या आईची कणव यावी आणि घरातल्या लेकराने रात्र जागून काढावी, हा काही न्याय नव्हे. अखेर मी रुंद तोंडाची काचेची बरणी आणि एक जाड पुठ्ठा मागवला. बरणी अलगद तिच्यावर पालथी ठेवली आणि पुठ्ठा भिंतीलगत हळूहळू आत सरकवला. विजेरी नातीच्या हाती होती. तिचा हात थरथरत होता, ओठ घट्ट मिटलेले होते. पण प्रकाशाचा झोत बरणीवरून ढळला नाही. पडवीतील सरपणाच्या कोरड्या राशीजवळ बरणी आडवी करताच कातीण आपले ओझे सांभाळीत एका फटीत दिसेनाशी झाली.

त्या रात्री नातीची भीती गेली, असे मी म्हणणार नाही. आजही मोठा कोळी दिसला, की ती दोन पावले मागे सरते. मात्र किंकाळी फोडून ती आता पळत नाही. तिथेच थांबते आणि निरखून पाहते. पुढे एकदा तिला सरपणापाशी एक मेलेला कोळी सापडला. त्याचे पाय आत वळलेले पाहून, “हे असे का?” असे तिने विचारले. कोळी आपले पाय लांबवतो, ते अंगातील द्रवाच्या दाबाने. प्राण गेला, की तो दाब सरतो आणि पाय मिटतात. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. ज्या पायांची तिला एवढी दहशत वाटत होती, ते जिवंतपणाच्याच बळावर पसरलेले होते, हे बहुधा तिच्या मनाला भिडले असावे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत कोळ्यालाही स्थान आहे. स्वतःतून धागा काढून तो पुन्हा स्वतःत सामावून घेणाऱ्या त्या जीवात अवधूताला ईश्वराच्या विश्वलीलेचे रूप दिसले. नाथांनी तो विचार मराठीत आणला. तुम्हा-आम्हांला अवधूताची दृष्टी लाभेल, न लाभेल. परंतु एक फूटपट्टी तर प्रत्येकाच्या दप्तरात असते. ज्याची भीती वाटते, त्याला पळण्यापूर्वी किंवा मारण्यापूर्वी सुरक्षित अंतरावरून एकदा नीट पाहावे. ताटाएवढे वाटणारे पुष्कळदा अडीच सेंटिमीटरच भरते; आणि कधी कधी त्याच्या पोटाशी धरलेले शंभर जीवही तेव्हाच दिसतात.