रोजची भाकर

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत एक मागणी रोजच्या भाकरीची आहे. इंग्रजीत तिथे 'ब्रेड' आहे. मराठी भाषांतरकारांनी तिथे ना पाव घातला, ना पोळी, ना नुसतं 'अन्न'. त्यांनी भाकर घातली. मला विचाराल तर मराठी बायबलमधला हा सगळ्यात शहाणा शब्द. ज्याने घातला त्याने आमच्या वर्ध्याकडची एखादी चूल बघितली असावी असं मला उगाच वाटतं. (पहिली भाषांतरं बंगालमधल्या सेरामपूरला आणि मुंबईत झाली, हे माहीत आहे. पण वाटायला काय जातं?)

कारण बघा, ज्वारीची भाकर ही मुळातच 'आजची' वस्तू आहे. गव्हासारखा चिवटपणा तिच्या पिठात नसतो. पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना कडा फाटतात. म्हणून आजी दळण थोडंथोडंच करायची, आणि भाकरी त्या त्या वेळेच्या. महिन्याभराची बेगमी देवाकडे मागावी असं त्या प्रार्थनेत नाहीच, आजचं आज मागायचं. आणि भाकर कापत नाहीत, मोडतात. वल्हांडणाच्या रात्री येशूने भाकर मोडली हे आम्हा पोरांना कधी समजावून सांगावं लागलं नाही. चतकोर कुणाला, अर्धी कुणाला, हे घरात रोजच चालायचं. पाच हजारांना जेवू घातलं त्या पाच भाकरीही योहानाच्या शुभवर्तमानात जवाच्या आहेत, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या. गंमत अशी की आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला मात्र बेकरीतल्या ब्रेडचे चौकोनी तुकडे. असो.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकर लालसर, चवीला नको वाटणारी. आजी तिच्यासमोरही डोळे मिटून आभार मानायची. बाबा म्हणायचे, "आई, हे अमेरिकेनं देलं, सरकारनं वाटलं." आजी म्हणायची, "त्यायले कोनं देलं?" यावर बाबांकडे उत्तर नसायचं. माझ्याकडेही अजून नाही.

पण खरा प्रश्न विचारला तो माझ्या मोठ्या बाबांनी. देवळी तालुक्यात त्यांची कोरडवाहू शेती, आणि तिच्यात सगळा कापूस. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते त्यात आमचा वर्धाही होता, यावरून त्या वर्षांची कल्पना येईल. त्याच सुमारास कधीतरी त्यांनी प्रार्थनेतलं तेवढंच एक वाक्य म्हणणं सोडलं. बाकी सगळं म्हणत, तिथे आले की गप्प. मी विचारलं तर म्हणाले, "मी कास्तकार. माह्या वावरात खायाचं काहीच नाही. ज्वारी दुकानातून आनतो, तेही उधारीवर. मंग मागू कोनाले? देवाले का दुकानदाराले?"

यात श्रद्धा गेल्याचा भाग कमी होता, हिशेबाचा जास्त होता. आणि हाच हिशेब वर्ध्यातच बसून एका ख्रिस्ती माणसाने फार आधी मांडून ठेवलाय. जे. सी. कुमारप्पा, मूळचे तंजावरचे, लंडनला शिकलेले हिशेबनीस. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा ते त्याचे सचिव झाले आणि मगनवाडीत राहिले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. मला ती दोन पुस्तकं वेगळी वाटतच नाहीत. जमिनीने आधी तिथल्या माणसांचं पोट भरावं, गिरणीचा कच्चा माल नंतर, हा त्यांचा आग्रह. प्रार्थनेत 'माझी' भाकर नाही, 'आमची' आहे, एवढी एक गोष्ट गंभीरपणे घेतली तर माणूस पीकपद्धतीपर्यंत पोचतो हे त्यांच्याकडे बघून कळतं. वर्ध्यात मगन संग्रहालय बघायला शाळांच्या सहली येतात, चरखा आणि घाणी बघून जातात. कुमारप्पा ख्रिस्ती होते हे आमच्या चर्चमधल्याही फार जणांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

मोठ्या बाबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाये. पन ज्वारी लावली का रानडुकरं ठेवत नाही." हेही खरंच आहे. कणसात दाणा भरला की वर पाखरं, खाली डुकरं. राखणीला रात्रभर जागायला माणूस आणायचा कुठून? कापूस, सोयाबीन परवडतं ते काही फक्त भावापायी नाही.

तरी मोठी आई दरवर्षी घराजवळच्या धुऱ्यालगत चार ओळी ज्वारी टाकतेच. गेल्या वर्षी अर्धी नासली. उरली त्यातून दोन-तीन पायल्या हाती आल्या. त्यातलं पहिलं दळण केलं त्या दिवशी मी तिथे होतो. अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. प्रार्थना मोठ्या आईने म्हटली, सगळी. मोठे बाबा त्या वाक्याला गप्पच होते. मग त्यांनी भाकर मोडली आणि पहिला चतकोर माझ्या ताटात टाकला.