रिकाम्या जागेचे वाचन

हौशी रेडिओकेंद्रांच्या हालचाली क्षणोक्षणी दाखवणारे काही नकाशे इंटरनेटवर आहेत. त्यांपैकी विशेष परिचित आहे तो फिनलंडच्या हाइक्की हान्निकाइनेन यांनी उभारलेला एपीआरएस.एफआय. कोणी मोटारीतून चालला आहे, कोणाच्या गच्चीवरचे यंत्र तापमान कळवते आहे, हे सारे त्यावर संकेतनामांसह उमटत राहते. आम्ही स्वतः रेडिओचालक नव्हे; साहित्य शिकवण्यात आयुष्य गेले. तरी हा नकाशा आम्ही एखाद्या संहितेसारखा वाचत आलो आहोत, आणि दर वेळी नजर जाते ती आमच्या शहापूर-मुरबाडकडे. मुंबई-पुण्याच्या बाजूला चार चिन्हे दिसतात. आमच्याकडे बहुधा काहीच नसते.

हे 'काहीच नसणे' वाचावे कसे?

या पद्धतीचे जनक बॉब ब्रुनिंगा अमेरिकेच्या नौदल अकादमीत काम करीत. २०२२ साली त्यांचे निधन झाले. ही केवळ गाड्यांचा माग काढण्याची सोय नव्हे, एका परिसरातील माणसांना परस्परांची खबर देणारी व्यवस्था आहे, असा त्यांचा आग्रह असे. तिची रीत साधी आहे. केंद्र आपले संकेतनाम आणि अक्षांश-रेखांश एका लहानशा संदेशात घालून ठरावीक अंतराने हवेत सोडते. (भारतातील बहुतेक संकेतनामे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात आणि ती परीक्षा व सरकारी परवान्याशिवाय मिळत नाहीत.) स्थान सांगणारा हा संदेश कोणा एकासाठी नसतो आणि त्याला पोच मिळत नाही. वाटेतल्या केंद्राने तो ऐकून पुढे पाठवला आणि इंटरनेटला जोडलेल्या एखाद्या केंद्राच्या कानी तो पडला, तरच नकाशावर ठिपका उमटतो. एरवी तो हवेत विरून जातो.

येथे आमच्या भूगोलाचा संबंध येतो. या कामी सहसा वापरल्या जाणाऱ्या लहरी सुमारे दोन मीटर लांबीच्या असतात. त्या बव्हंशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या कुशीत आजोबा पर्वत, अलीकडे माहुली. मधल्या खोऱ्यांत उभे राहून कोणी बोललाच, तर त्याचा आवाज मुंबईच्या कानापर्यंत जाईलच असे नाही. म्हणजे रिकाम्या जागेचे अर्थ दोन: कोणी बोलले नाही, किंवा बोललेले कोणी ऐकले नाही. नकाशा दोन्ही एकाच रंगात दाखवतो. भर पावसात घाटाखालच्या वाडीचा फोन मुका होतो तेव्हा या दोन अर्थांची गल्लत जिवावर बेतू शकते, कारण दूर बसलेल्याला शांतता म्हणजे क्षेमकुशल वाटण्याचा संभव असतो.

याच मुलखातून एक ठिपका चालत गेला होता. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत सापडलेल्या बिबट्याच्या गळ्यात विद्या अत्रेय यांच्या चमूने स्थान कळवणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. 'आजोबा' हे नाव मिळालेला तो प्राणी कसाऱ्याचा लोहमार्ग ओलांडून सुमारे १२० किलोमीटरवरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. बिबटे या रानातून त्याआधीही जात असतीलच. आपल्याला दिसला तो पट्टा बांधलेला एक. रेडिओचालक मात्र आपला ठावठिकाणा स्वखुशीने जाहीर करतो. त्याला कोणी पकडून पट्टा बांधलेला नसतो, हा भेद आम्हाला मोलाचा वाटतो.

मुरबाडहून वर चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या. मूर्ती आज जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. वरची ब्राह्मीतील नावे शिल्लक आहेत. केंद्र निघून गेल्यावर नकाशावर काही काळ रेंगाळणाऱ्या संकेतनामासारखीच ती आहेत. त्या घाटाने ओझी वाहून नेणाऱ्यांची नावे मात्र तेथे कोणी कोरली नाहीत. म्हणून ते नव्हते, असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही.

साहित्याच्या अभ्यासक्रमांपुढे आपण इतके सावध असतो काय? ठाकर-कातकऱ्यांची गाणी पाठ्यपुस्तकात आढळली नाहीत, की तेथे वाङ्मय नाही असे आपण मनोमन धरून चालतो. वास्तविक तो पुरावा त्यांच्या मौनाचा नसून आपल्या श्रवणाच्या मर्यादेचा असतो. रेडिओचालकांना यावर उपाय ठाऊक आहे. बोलणाऱ्याला अधिक ओरडायला सांगण्यापेक्षा ते उंचावर, दोन्ही अंगांच्या दऱ्या दिसतील अशा जागी, ऐकणारे केंद्र बसवतात. आमच्या डोंगरांत अशा जागांची वाण नाही. विद्यापीठांत ती कोठे शोधावी, हे आपण शिक्षकांनी ठरवायचे आहे.