पदराची गांठ

आमच्या पुण्याच्या घरांत माणसें आठ, मोबाईल सात आणि स्मरणशक्ति मात्र एकच, अशी स्थिति कित्येक वर्षें होती. ती स्मरणशक्ति आमच्या आईची. गिरणींतून दळण आणावयाचें असो, विजेचें बिल भरावयाचें असो, कीं कोणाच्या मुंजीचा अहेर पाठवावयाचा असो, काम ध्यानांत आलें कीं आई लुगड्याच्या पदराला गांठ मारी, आणि काम उरकलें म्हणजे ती सोडून पदर झटकून खोंची. भिंतीवर 'कालनिर्णय' असे. दुधाचे खाडे आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख त्याच्या चौकोनांत लिहिली जाई. एवढ्या सामग्रीवर तिनें चाळीस वर्षें संसार बिनचूक चालविला.

तीन वर्षांपूर्वीं, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षीं, पदराला गांठ आहे हें आईला दिसे, पण ती कशाची हें आठवेना. तेव्हां हा कारभार, कोणी न नेमतां, वहिनींकडे आला. वहिनींस गांठी मारण्याची संवय नाहीं. त्या सारें मनांतच ठेवीत, आणि मध्यरात्रीं दोन वाजतां 'उद्यां शेवटची तारीख!' म्हणून दचकून उठत. आम्ही बँकेंतून नुकतेच निवृत्त झालों होतों; हातीं वेळ होता. घराकरितां कामांच्या यादीचें एखादें उत्तम अॅप शोधून काढण्याचा विडा आम्हीं उचलला.

शोधास लागल्यावर कळलें कीं, विसरभोळेपणा हा कांहीं आमच्याच कुळाचा वारसा नव्हे. ऑस्ट्रेलियांत २००५ सालीं निघालेल्या अशा एका सेवेचें नांवच मुळीं 'रिमेंबर द मिल्क', म्हणजे दूध विसरूं नका! 'टूडूइस्ट' हें अॅप अमीर सालिहेफेंदिच या तरुणानें डेन्मार्कमध्यें शिकत असतां २००७ सालीं स्वतःच्याच सोयीसाठीं तयार केलें. बर्लिनच्या 'वुंडरलिस्ट'ची हकीकत मात्र विचार करावयास लावणारी आहे. मायक्रोसॉफ्टनें तें २०१५ सालीं विकत घेतलें. पुढें त्याचे एक जनक ख्रिस्तियन रेबर यांनीं तें परत विकत घेण्याची तयारी २०१९ सालीं जाहीरपणें दाखविली. परंतु ६ मे २०२० रोजीं तें बंद झालें. यावरून आम्हीं एक धडा घेतला. अक्षर आपलें असलें तरी पाटी दुसऱ्याची आहे. म्हणून आपली यादी उतरवून घेण्याची सोय आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

चार महिन्यांत आम्हीं पांच अॅपें घरांत आणलीं. एकांत कामांना नाना रंग देतां येत. दादांनीं एक अख्खा रविवार रंग निवडण्यांत घालविला, व रंगविलेल्या कामांतील एकही केलें नाहीं. दुसरें प्रत्येक कामागणिक गुण देई. आमच्या पुतण्यानें 'भाजी आणणें' या एका कामाचीं 'पिशवी घेणें', 'जिना उतरणें', 'भाजी घेणें' व 'जिना चढणें' अशीं चार कामें करून घरांत पहिला क्रमांक पटकाविला. तिसऱ्यास 'दर महिन्याचा तिसरा मंगळवार' समजे, पण 'दर संकष्टी' समजेना. तिथीचें शास्त्र त्याच्या गांवींही नव्हतें. चौथें दुसऱ्या आठवणीपासून पैसे मागूं लागलें. अखेरीस पांचवें टिकलें, तें त्याच्या साधेपणामुळें. त्यांत मराठींत बोललें तरी लिहिलें जाई, ठराविक दिवसांनीं येणारें काम आपोआप पुन्हां उभें राही, आणि एकच यादी सातही मोबाईलांवर दिसे.

शास्त्राचाही आधार आम्हीं शोधून ठेविला होता. ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें बर्लिन येथें केलेल्या प्रयोगांवरून १९२७ सालीं असें मांडलें होतें कीं, अर्धवट राहिलेलीं कामें पुऱ्या झालेल्या कामांहून मनांत अधिक घर करून राहतात. हा निष्कर्ष पुढील संशोधकांच्या प्रयोगांत सर्वत्र टिकला नाहीं. तथापि मॅसिकॅम्पो व बाउमायस्टर यांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, काम पुरें न होतांही, तें केव्हां, कोठें व कसें करावयाचें याचा नीट बेत ठरला, तर त्याची टोचणी कमी होते. मध्यरात्रीं दचकणाऱ्या वहिनींस हेंच औषध, असें आमच्या मनानें घेतलें. यादी भराभर भरूं लागली, आणि नवल असें कीं, भराभर रिकामीही होऊं लागली. आम्हीं मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

श्रावणांत वहिनी दहा दिवस सांगलीस माहेरीं गेल्या. आईला हृदयविकारामुळें रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तिचें प्रमाण कमीअधिक होऊं नये म्हणून ठराविक दिवसांनीं रक्त तपासावें लागतें. यादींत 'आईचें रक्त तपासणें' अशी नोंद होती; तारीख होती, वेळही होती. नेमक्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां घरांतील साही मोबाईल वाजले. दादांस वाटलें, धाकटा घरींच असतो, तो पाहील. आम्हांस वाटलें, पुतण्या रक्त नेणाऱ्या माणसास फोन करील. पुतण्यास वाटलें, एवढीं वडील माणसें घरांत असतांना आपण कशाला? प्रत्येकानें ती सूचना अंगठ्यानें बाजूस सारली. सहाव्या दिवशीं आईच्या दंडावर काळेंनिळें दिसूं लागलें, व हिरड्यांतून येणारें रक्त थांबेना. रुग्णालयांत दोन रात्री काढाव्या लागल्या. दैवाची कृपा म्हणून आई सुखरूप घरीं आली.

वहिनी रात्रीच्या गाडीनें सांगलीहून तांतडीनें आल्या. आम्हीं मान खालीं घातली होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझंच चुकलं. मी तिकडून आठवण करायला हवी होती."

या वाक्यानें आम्हांस जें लागलें, तें कोणी चार शब्द सुनावले असते तरी लागलें नसतें. त्या रात्रीं रुग्णालयाच्या बांकावर बसून आम्हीं यादींतील झालेल्या कामांची नोंद उघडली. कोणतें काम कोणीं लिहिलें व कोणीं केलें, हें तींत स्पष्ट दिसतें. 'साखर संपली': लिहिणार दादा, करणार वहिनी. 'गॅसचा नंबर लावणें': लिहिणार आमची सौभाग्यवती, करणार वहिनी. 'चष्म्याची दांडी दुरुस्त करणें': चष्मा आमचा, लिहिणार आम्ही, करणार वहिनी. दहांतील सात कामांचा शेवट त्याच एका नांवाशीं होत होता. यादी इतकी भराभर रिकामी कां होत असे, याचा तेव्हां उलगडा झाला. पूर्वीं वहिनींस काम सांगावयाचें तर निदान स्वयंपाकघरापर्यंत जावें लागे, आणि त्यांच्या घामेजल्या तोंडाकडे पाहून दोहोंपैकीं एक काम गिळावें लागे. आमच्या उत्तम अॅपानें तेवढीही अडचण उरूं दिली नव्हती. वहिनींचा भार हलका करावयास निघालेल्या आम्हीं हुकूम सोडण्याची सोय तेवढी वाढविली होती.

आईच्या पदराचा अर्थ आमच्या ध्यानांत आला तो तेव्हां. गांठ ज्यानें मारली त्यानेंच ती सोडावयाची, हा त्या पद्धतीचा प्राण होता. दुसऱ्याच्या पदराला गांठ मारून आपण मोकळें व्हावें, अशी सोय तींत नव्हती. घरांत गांठी मारणारी ती एकटीच होती, हें मात्र चाळीस वर्षांत आमच्यापैकीं कोणाच्याही डोळ्यांवर आलें नाहीं.

आतां अॅप तेंच आहे. नियम बदलले आहेत. नांवावांचून काम लिहावयाचें नाहीं, आणि एका कामास एकच नांव. काम लिहिणारानें आपलें नांव घालावें. दुसऱ्याचें घालावयाचें असेल, तर समोर जाऊन, विचारून, होकार घेऊन घालावें. आईचें रक्त तपासण्याचें काम आमच्या नांवावर आहे. आम्ही परगांवीं जाणार असलों, तर तें कोणास सोंपवावयाचें हें निघण्यापूर्वीं तोंडानें ठरवितों. योग्य अॅप कोणतें, असें आम्हांस आतां कोणीं पुसलें, तर कोणतेंही साधें घ्या, परंतु तीन महिन्यांनीं त्यांत कोणाचें नांव किती वेळां आलें तें मोजा, असें आम्ही सांगूं.

परवां आईनें आमच्या मोबाईलाकडे बोट दाखवून विचारलें, "ही गांठ कशाची रे?" आम्हीं सांगितलें, "तुझ्या रक्ताची." ती हंसली, आणि संवयीनें पदराचें टोक चांचपूं लागली.

वहिनी आतां रात्रीं झोपतात. सारें सुरळीत झालें आहे, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. दादांच्या नांवापुढील चार कामें आज तिसऱ्या दिवशींही तांबडीं दिसत आहेत. वहिनी तीं रोज पाहतात, आणि करीत नाहींत. आमच्या नांवापुढेंही दोन तांबडीं आहेत. त्यांतील एक वाण्याचें दुकान बंद होण्यापूर्वीं उरकावयाचें असल्यामुळें लेखणी येथेंच ठेवितों.