दुधनीच्या जलाशयावर

केवळ मौजेखातर जलप्रवासास निघणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांच्या ध्यानीमनीही आली नसती. त्यांच्या लेखी समुद्र हा जाळे टाकण्यासाठी होता, अथवा पोटाच्या पाठीमागे परदेशी जाण्यासाठी. आता काळ पालटला आहे. अमेरिकेतील मायामी बंदरातून तीन-चार दिवसांच्या सहलींची प्रचंड जहाजे सुटतात आणि बहामा बेटांना किंवा कॅरिबियन समुद्रातील बेटांना भेट देऊन परततात. गोव्यातील व मुंबईतील कितीतरी ख्रिस्ती घरांतले मुलगे अशा जहाजांवर खानसामे, वाढपी अथवा खलाशी म्हणून राबत असल्यामुळे त्या निळ्या पाण्याची वर्णने आपल्या ओटीवरही येऊन पोहोचली आहेत. चार सोबत्यांसह चार दिवस पाण्यावर घालवावेत, ही इच्छा काही गैर नव्हे. परंतु तेवढे द्रव्य ज्यांच्या गाठीस नाही, त्यांनी हिरमुसले होण्याचे कारण नाही. आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागूनच अशा सहलीस योग्य असे एक स्थळ आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार जुने स्नेही दोन दिवसांची सवड काढून तेथे जाऊन आलो. त्या प्रवासात जे पाहिले व ज्याचा विचार मनातून जाईना, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पश्चिम रेल्वेच्या वापी स्थानकावर उतरावे. तेथून सिल्वासा अवघ्या तासाभराच्या आत येते. वाटेवर दुतर्फा कारखाने लागतात आणि आपण रानावनाच्या मुलखात निघालो आहोत यावर विश्वास बसत नाही. सिल्वासा हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य ठिकाण. हा प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्याशी जोडला जाऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. गावात आदिवासींच्या जीवनाचे दर्शन घडवणारे छोटे संग्रहालय आहे. मुखवटे, दागिने, शिकारीची व मासेमारीची साधने तेथे मांडून ठेवली आहेत. पोर्तुगीज अमदानीतील पिएता मातेचे चर्चही प्रवाशाने आवर्जून पाहावे.

या प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. तरीही त्याचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तो एका जहाजापासून, हे नवल म्हटले पाहिजे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा वाद बरीच वर्षे चालला. अखेर १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे व पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि सालीना १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना तोडून देण्याचे ठरले. १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. १७८५ साली त्यांनी दादरा विकत घेतले. तहाच्या कागदावर ७२ गावे व १२,००० रुपये असे आकडे आहेत. त्या गावांत नांगर धरणाऱ्या वारल्याला, कोकण्याला वा धोडियाला कोणी काही विचारले असेल असे मानण्यास जागा नाही. बुडाले कोणाचे, फेडले कोणी, असा प्रश्न मनात उभा राहतो. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख रीतसर भारतात सामील झाला.

सिल्वासाहून दक्षिणेकडे सुमारे वीस किलोमीटरवर खानवेल लागते. येथे खरा डोंगराळ प्रदेश सुरू होतो. सागाची झाडी, मधून वाहणारी साकरतोड नदी, उतारावरची कापणी झालेली भातखाचरे आणि कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरे पाहून डोळे निवतात. अंगणात कोंबड्या, पडवीत टांगलेली मासे धरण्याची साधने, आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन एकीमागून एक चालणाऱ्या बाया. आणखी तेवढेच अंतर चढ-उतारांच्या वाटेने गेले की एका वळणावर झाडी एकाएकी बाजूला होते आणि खाली विस्तीर्ण पाणी पसरलेले दिसते. तेच दुधनी.

येथे काश्मिरातील शिकाऱ्यांच्या धर्तीवर छत घातलेल्या, गाद्या अंथरलेल्या नावा मिळतात. आम्ही एक नाव ठरवली. नावाडी पन्नाशी ओलांडलेला, अबोल, वारली गृहस्थ होता. नाव काठापासून दूर गेली तशी रस्त्यावरची गडबड मागे पडली. वल्ह्याचा आवाज तेवढा राहिला. चहूकडे एकामागे एक डोंगरांच्या निळसर रांगा, मध्ये आरशासारखे पाणी आणि त्यातून डोके वर काढणारी हिरवी बेटे. एक पांढरा बगळा पाण्यालगत उडत गेला आणि त्याची सावली त्याच्याबरोबर धावत गेली. गेली कित्येक वर्षे आपापल्या कामात गुरफटलेले आम्ही चौघे त्या शांततेत बराच वेळ काही न बोलता बसलो होतो. असे मौन मित्रांमध्येच शोभते.

ते मौन नावाड्यानेच मोडले. आमच्यापैकी एकाने सहज विचारले, “दादा, तुमचे गाव कोणते?” त्याने वल्हे न थांबवता हनुवटीने पाण्याकडे खूण केली. “जुने गाव त्या बाजूला होते, बाबा. आता वीस माणूस खोल असेल. मी पोर होतो तेव्हा उठलो तिथून.” “भरपाई मिळाली का?” असे विचारता तो म्हणाला, “घराचे मिळाले, जमिनीचे मिळाले थोडे. मोहाच्या झाडांचे काय मोजणार? नदीतल्या माशांचे काय? आमचे म्हातारे जिथे पुरले, त्या जागेचे काय?” हे सांगताना त्याच्या स्वरात राग नव्हता. पण त्यानंतर आम्ही ज्या पाण्याकडे पाहत होतो ते पाणी पहिल्यासारखे राहिले नाही. ती हिरवी बेटे म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे होते, हे तेव्हा उमगले.

हे सरोवर निसर्गाने घडवलेले नाही. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावून दमणजवळ अरबी समुद्रास मिळणाऱ्या दमणगंगेवर, वलसाड जिल्ह्यात मधुबन येथे, गुजरात राज्य व शेजारचे केंद्रशासित प्रदेश यांनी मिळून धरण बांधले. त्याच्या पाठीमागे तुंबलेले पाणी दुधनीच्या खोऱ्यात पसरले. या पाण्यावर वलसाड जिल्ह्यातील, नगर हवेलीतील व दमणमधील शेते भिजतात, नळांना पाणी येते आणि वापी व सिल्वासाच्या कारखान्यांची तहान भागते. येताना वाटेवर पाहिलेल्या त्या कारखान्यांत हजारो घरांची चूल पेटते, हेही विसरून चालणार नाही. धरण बांधू नये असे म्हणणे सोपे आहे. तहानलेल्याला पाणी नाकारणे तितके सोपे नाही. परंतु ज्याचे घर गेले त्याच्या वाट्याला त्या लाभाचे किती पाणी आले, एवढा हिशेब तरी समाजाने चुकवता कामा नये. १७७९ साली जहाजाच्या भरपाईपोटी गावे आकड्यांत मोजली गेली. दोनशे वर्षांनी पाण्यासाठी ती पुन्हा मोजली गेली. दोन्ही वेळा मोजणारे निराळे होते. मोजले गेलेले मात्र तेच.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईची तहान भागवण्यासाठी दमणगंगा व पिंजाळ या नद्या बोगद्यांनी जोडण्याची योजना आखण्यात आलेली आहे. तिच्यात भुगड व खारगीहिल या ठिकाणी नवे जलाशय कल्पिले आहेत, आणि डोंगरपट्टीतील आदिवासी गावांतून तिला विरोधही झालेला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले मुंबईत राहतात. त्यांच्या नळाला येणारे पाणी कोठून येते आणि कोणाच्या अंगणावरून येते, हे आपण ठाऊक करून घ्यावयास नको काय?

तर मग दुधनीस जाऊ नये काय? अवश्य जावे. प्रवासी गेला तरच नावाड्याच्या घरी चार पैसे येतात. पावसाळा सरल्यावर जलाशय भरलेला असतो व डोंगर हिरवे असतात, तो काळ उत्तम. मुलाबाळांसह जाल तर नावेत बसण्यापूर्वी पोहण्याची जाकिटे मागून घ्यावीत. पाणी शांत दिसले तरी फार खोल आहे. नावेचे भाडे ठरवताना घासाघीस करून दहा-वीस रुपये वाचवण्यात पुरुषार्थ मानू नये. भाकरी, भाजी, फळे गावकऱ्यांकडूनच विकत घ्यावीत. कागद, बाटल्या, पिशव्या पाण्यात टाकू नयेत, कारण त्या पाण्याखाली कोणाचे तरी परसदार आहे. तारपा वाजत असेल आणि नाच चालला असेल तर दूर उभे राहून पाहावा. पैसे फेकून तो आपल्यासाठी करवून घेऊ नये. पाहुणा कितीही श्रीमंत असला तरी घर यजमानाचेच असते.

आणि कॅरिबियन समुद्रातील जहाजावर कोणाचा मुलगा कामाला असेल, तर त्याच्या आईला हे निराळे समजावून सांगावयास नको. चार दिवस मौज करून उतरणाऱ्या प्रवाशाने निघताना आपल्या मुलाचे नाव विचारावे, त्याला दोन गोड शब्द बोलावेत, असे तिला वाटतच असेल. आमच्या नावाड्याला आम्ही त्याच्या बुडालेल्या गावाचे नाव विचारले, ते त्याने दोनदा उच्चारून सांगितले आणि आमच्यातील एकाने ते वहीत लिहून घेतले. तेव्हा प्रथमच तो हसला. मग त्याने नाव वळवली, आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी आम्हांस काठावर उतरवले.