वळते न होणारे खाते

२०१३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका गणित-प्रकाशन संस्थेकडे हाताने लिहिलेले एक पत्र आले. लिहिणाऱ्याला ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकाच्या वर्गणीची चौकशी करायची होती. अशी पत्रे प्रकाशकाच्या टपालात रोज येतात. परंतु पुढे त्याने लिहिले होते की, आपण २५ वर्षांची शिक्षा भोगत आहोत, तुरुंगात एकट्याने गणित शिकत आहोत आणि त्यातील प्रश्नांवर बोलावे असे भोवताली कोणीही नाही. या बंदिवानाचे नाव क्रिस्टोफर हेवन्स. तुरुंग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील.

शाळा अर्धवट सोडलेला, अमली पदार्थांच्या व्यसनात बुडालेला हा तरुण. तुरुंगात गेल्यावर त्याला एकांतकोठडी मिळाली आणि तेथे वेळ घालविण्यासाठी तो गणिते सोडवू लागला. कोठडीत काय असते? कागद, पेन्सिल आणि न संपणारा वेळ. गणिताला याहून अधिक भांडवल लागत नाही, आणि मला वाटते, त्याचा हात नेमका याच विद्येवर पडला याचे अर्धे कारण तेवढेच आहे. सुतारकाम शिकायचे तर करवत हवी, आणि ती कोठडीत कोण देईल?

प्रकाशन संस्थेतील एका संपादकाने ते पत्र आपल्या जोडीदार मार्ता चेरुती यांना दाखविले. त्यांचे वडील उंबेर्तो चेरुती हे इटलीतील तुरिनचे, अंकसिद्धांताचे (नंबर थिअरी) गणितज्ञ. अशी पत्रे गणितज्ञांना पुष्कळ येतात आणि बहुतेकांत भ्रमाखेरीज काही नसते. म्हणून त्यांनी परीक्षा घेण्यासाठी एक प्रश्न पाठवून दिला. उत्तर आले ते १२० सेंटिमीटर लांबीच्या कागदावर, त्यावर एकच लांबलचक सूत्र. वृद्ध प्राध्यापकांनी ते संगणकावर तपासले. सूत्र बरोबर होते. त्यानंतर त्यांनी हेवन्सला आपल्या संशोधनात सहभागी करून घेतले, आणि २०२० च्या आरंभी ‘रिसर्च इन नंबर थिअरी’ या नियतकालिकात इटलीतील तिघा गणितज्ञांबरोबर त्याच्या नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

मी एम.कॉम. झालेला, ३६ वर्षे बँकेच्या खतावण्या तपासण्यात घालविलेला मनुष्य. तो निबंध मला समजला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याचा विषय मात्र आपल्या घरातल्या दिनदर्शिकेत रोज टांगलेला असतो, म्हणून थोडे सांगतो.

विषय आहे ‘कंटिन्यूड फ्रॅक्शन’, म्हणजे अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, त्याच्याही पोटात अपूर्णांक, अशी साखळी. जी संख्या नेमक्या अपूर्णांकात मावत नाही, तिच्या जवळ जाण्याचा हा सर्वांत काटकसरीचा मार्ग. ‘पाय’ ही संख्या घ्या. साखळीची पहिली कडी देते ३, दुसरी २२/७, तिसरी ३३३/१०६ आणि चौथी ३५५/११३. ही चौथी कडी दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत अचूक आहे. आता पंचांग पाहा. एका सौरवर्षात सुमारे १२.३६८ चांद्रमास येतात. वरचे ०.३६८ कसे मिटवायचे? साखळी उलगडली की क्रमाने येते १/२, १/३, ३/८, ४/११, ७/१९. म्हणजे ढोबळ मानाने तीन वर्षांत एक अधिक महिना. बारीक हिशेबाने १९ वर्षांत सात. २००४ साली अधिक श्रावण होता, पुन्हा २०२३ साली अधिक श्रावण आला. मध्ये वर्षे किती गेली ते वाचकांनी बोटांवर मोजावे. आपल्या पूर्वजांनी आकाश पाहून जो ताळमेळ बसविला, तोच या कड्यांतून कागदावर उतरतो. हेवन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संख्यांच्या एका मोठ्या वर्गासाठी अशा साखळ्यांमधील पूर्वी न दिसलेला नियमितपणा दाखवून दिला.

तुरुंगात गणित करणारा हा पहिलाच नव्हे. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत पकडला गेलेला फ्रेंच अधिकारी पोन्सले १८१३-१४ मध्ये सारातोव्ह येथे युद्धकैदी होता. जवळ एकही पुस्तक नव्हते. शिकलेली भूमिती त्याने आठवून आठवून पुन्हा उभी केली आणि तेथून पुढे गेला. १८२२ साली त्याचा ग्रंथ निघाला. आंद्रे वेय हा विसाव्या शतकातील थोर गणितज्ञ १९४० साली सैन्यभरतीला हजर न राहिल्याच्या आरोपावरून रुआँच्या तुरुंगात होता, आणि त्याचे एक अत्यंत महत्त्वाचे काम त्याच काही महिन्यांतले. आपल्याला तर लगेच मंडालेचे लोकमान्य आठवतात. तेही मूळचे गणिताचेच विद्यार्थी. पेन्सिलीने गीतारहस्य लिहून बाहेर पडले.

परंतु ही मंडळी विद्या बरोबर घेऊन आत गेली होती, आणि त्यांच्यावरील आरोपांनी त्यांच्या चारित्र्याला काळिमा लागला नव्हता. हेवन्स रिकाम्या हाताने आत गेला आणि तो हात रक्ताने माखलेला होता. म्हणून त्याची गोष्ट मला अधिक अवघड वाटते. तिचे कौतुक करताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावीच.

त्याच्यासाठी पाठविलेली पुस्तके तुरुंगाने आधी अडवून ठेवली होती. पुढे, तो इतर बंदिवानांना गणित शिकवील या बोलीवर ती त्याला मिळू लागली. मग तेथे गणिताचे मंडळ निघाले आणि १४ मार्चला ‘पाय दिन’ साजरा होऊ लागला. बोली घालणारा तो अधिकारी कोण हे मला ठाऊक नाही, पण माणूस व्यवहारी असावा.

गणिताला पेन्सिल पुरते. संगणकाच्या आज्ञावली लिहायच्या तर यंत्र हवे, आणि यंत्र म्हटले की तुरुंगाची परवानगी आली. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन हा १८५२ पासूनचा तुरुंग. तेथे ‘द लास्ट माईल’ या संस्थेने २०१४ साली कोडिंगचा वर्ग सुरू केला. संगणक दिले, इंटरनेट मात्र दिले नाही. बाहेरचा विद्यार्थी अडला की दोन शब्द टंकतो आणि जगातून उत्तर मिळवितो. येथे चूक स्वतःच्या डोळ्यांनी, ओळ न् ओळ वाचून शोधायची, किंवा शेजाऱ्याला विचारायचे. आमच्या वेळी ताळेबंदात बारा आण्यांचा फरक निघाला तरी आम्ही रात्री अकरापर्यंत कीर्द चाळीत बसायचो, त्याची मला आठवण झाली. पुढे त्याच तुरुंगात बंदिवानांनीच चालविलेले संकेतस्थळे बांधण्याचे केंद्र निघाले आणि बाहेरच्या ग्राहकांची कामे मजुरी घेऊन होऊ लागली. आज्ञावली चालते किंवा चालत नाही. लिहिणाऱ्याच्या पूर्वायुष्याशी यंत्राला कर्तव्य नसते. अडचण येते ती यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसाला.

त्या पलीकडच्या खुर्चीवर गेल्या वर्षी आमचे घर बसले होते.

माझे थोरले बंधू आणि पुतण्या यांची घाऊक मालाची पेढी आहे. त्यांना हिशेबाला माणूस हवा होता. आलेल्यांपैकी सर्वांत जाणता होता तो चाळिशीचा एक गृहस्थ. त्याने पहिल्याच भेटीत आपणहून सांगितले की एका पतसंस्थेतील अपहाराबद्दल आपण तीन वर्षे कारागृहात होतो, तेथूनच मुक्त विद्यापीठाची पदवी पूर्ण केली, तेथील मुलांना बेरजा-वजाबाक्या शिकविल्या आणि सुटल्यावर टॅली शिकलो. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची केंद्रे देशातील अनेक कारागृहांत आहेत, तेव्हा यात नवल काही नव्हते. नवल होते ते त्याने सांगितले याचे.

पुतण्याला तो ठेवायचा होता. दादा म्हणाले, “शिकला म्हणून केलेलं फिटलं का रे? भांडणात कुणाचं डोकं फोडलं असतं तर एक वेळ विचार केला असता. हा तर गल्ल्यातला माणूस.” हसू नका; पेढीवर बसणाऱ्या माणसाचा तराजू असाच असतो आणि तो अगदीच खोटा नाही. पुतण्या माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही सांगा.”

मी त्यांना बँकेचा एक नियम सांगितला. ग्राहकाचे एका खात्यात येणे थकले आणि दुसऱ्या खात्यात त्याची ठेव असली, तर बँक एकातून दुसऱ्यात रक्कम वळती करून घेऊ शकते. परंतु दोन्ही खाती त्याच माणसाची आणि त्याच नात्याने असली तरच. एखादा गृहस्थ विश्वस्त म्हणून सांभाळतो त्या खात्यातील पैसा त्याच्या खासगी कर्जात वळता होत नाही. शिक्षणाचे तसेच आहे. त्या पतसंस्थेत ज्या विधवेची ठेव बुडाली, तिचे येणे या माणसाच्या पदवीने एक रुपयानेही कमी झालेले नाही. ते खाते उघडेच राहणार. हेवन्सने आपले गणित म्हणजे ज्याला मारले त्याच्या ऋणाची फेड आहे असे म्हटले आहे. त्याच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. पण धनको हयात नाही आणि पावती देणारा कोणी नाही, हे माझ्यातल्या बँकवाल्याला दिसतेच.

“म्हणजे ठेवू नको म्हणता?” पुतण्या म्हणाला.

तसे नव्हते. वळते होत नाही याचा दुसरा अर्थ असा की, जुन्या खात्यातील नावे रक्कम दाखवून नवे जमा खाते उघडायचे नाकारणे हेही हिशेबाला धरून नाही. तुरिनच्या प्राध्यापकांनी त्या सूत्राचे उत्तर देताना खून माफ केला नाही. तो त्यांचा अधिकारच नव्हता. त्यांनी सूत्र तपासले, बरोबर निघाले आणि पुढचा प्रश्न पाठविला. मी दादांना म्हटले, तपासण्याची सोय आपल्याकडे आहे ना? बँकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो. हे आम्ही प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही करतो, त्यात अपमान नसतो. याने नोंदी कराव्यात, मंजुरी पुतण्याने द्यावी. रोकड, धनादेशाची पुस्तके आणि बँकेचे पासवर्ड त्याच्याकडे नकोत. आणि हे सारे त्याला पहिल्या दिवशी तोंडावर सांगावे.

सांगितले. तो म्हणाला, “मीच हे मागणार होतो.”

आता नऊ महिने झाले. जीएसटीच्या विवरणात मेळ बसत नसला की दादा त्यालाच हाक मारतात, ‘अहो’ म्हणून. तिजोरीच्या किल्ल्या अजून त्यांच्या कमरेलाच आहेत. पूर्वीही तेथेच असत. त्याच्या पगारातून तो दरमहा काही रक्कम कोणाला तरी पाठवितो, असे पुतण्याच्या ध्यानात आले आहे. कोणाला, हे आम्ही विचारलेले नाही.